मनगटाची आग आणि संत्र्याची फोड

(नभोवाणीवरील भाषण)

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे मध्यप्रदेशात मोडतात. परंतु तेथल्या बाजारात घटकाभर उभे राहिले तर कानांवर पडते ती बहुतेक मराठीच. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा दक्षिणेकडील मुलूख मध्यप्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सरहद्दी अशा हलल्या, तरी दोन गोष्टींसाठी हा मुलूख पूर्वी ओळखला जात होता तसाच आजही ओळखला जातो. एक तेथील संत्री आणि दुसरी पांढुर्ण्याची गोटमार. आज मी आपणांस एका विशिष्ट वेदनेचा आणि तिच्यावर सुचविल्या गेलेल्या एका औषधाचा इतिहास सांगणार आहे. त्या वेदनेचे नाते गोटमारीच्या दगडाशी आहे आणि औषधाचे संत्र्याशी, म्हणून आरंभ तेथून केला.

गोटमार ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी चार शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक व दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात, आणि झेंडा हस्तगत करण्यासाठी दिवसभर परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना दोन्ही गावांचे दगड बरसले, अशी दंतकथा ह्या प्रथेमागे सांगतात. ती खरी असो वा नसो, दगड मात्र खरे असतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. डोकी फुटतात, हातापायांची हाडे मोडतात, काहींनी आजवर प्राणही गमावले आहेत. प्रथा योग्य की अयोग्य हा वाद मी आज काढीत नाही. मला त्या दिवसानंतरच्या आठवड्यांविषयी बोलावयाचे आहे, जेव्हा वर्तमानपत्रे गोटमार विसरून गेलेली असतात आणि मोडलेला हात प्लास्टरात असतो.

मोडलेले मनगट साधारण सहा आठवड्यांत जुळते. प्लास्टर निघते, हात थोडा बारीक झालेला असतो, बोटे आखडलेली असतात. हळूहळू सारे पूर्ववत होते. पण काहींच्या बाबतीत तसे होत नाही. हाड जुळलेले असते आणि हात मात्र पेटलेला असतो. माझे एक वडीलधारे सहकारी सायकलवरून पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर त्यांचा पंजा सुजला, तांबूस व तुळतुळीत झाला, सदऱ्याच्या बाहीचा स्पर्शही त्यांना सोसेना. ते रात्री उशाशी पाण्याची बादली ठेवीत आणि त्यात हात बुडवून बसत. ज्या डॉक्टरांनी हाड बसविले होते त्यांनी क्ष-किरणांचे चित्र पाहिले, हाड उत्तम जुळल्याचे सांगितले, आणि दुखणे मनाचे आहे असा निर्वाळा दिला. फळ्यावर लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाला खडू धरता येत नव्हता. वेदनेपेक्षाही त्यांना अधिक लागले ते हे, की कोणी त्यांचे खरे मानीना.

मी इतिहास शिकविणारा शिक्षक आहे; वैद्यकात माझा अधिकार नाही. परंतु ती पाण्याची बादली माझ्या मनातून जाईना, आणि पुढे वाचता वाचता तीच बादली मला एका निराळ्याच देशाच्या इतिहासात भेटली.

अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्यांच्यामध्ये यादवी युद्ध चालू असताना फिलाडेल्फिया शहरात केवळ मज्जातंतूंच्या जखमांसाठी एक रुग्णालय उघडण्यात आले. तेथे सायलस वेअर मिचेल नावाचे डॉक्टर आणि त्यांचे दोन सहकारी काम करीत. बंदुकीची गोळी हाताच्या किंवा पायाच्या मज्जातंतूला लागून गेलेले शिपाई त्यांच्याकडे येत. जखम भरून आलेली असे, पण पंजा जणू निखाऱ्यावर धरल्यासारखा पोळत असे. हे शिपाई हाताला सतत ओली चिंधी गुंडाळून ठेवीत. कित्येक जण पाण्याची बाटली व स्पंजाचा तुकडा जवळ बाळगीत, तर काही जण बुटांतसुद्धा पाणी ओतून घेत. कोणी खोलीतून जोराने चालत गेले किंवा वर्तमानपत्राचे पान फडफडले, तरी त्यांची वेदना उसळे. मिचेल ह्यांनी हे सारे 1864 साली प्रसिद्ध केले व पुढे ह्या दुखण्याला ग्रीक शब्दांवरून ‘कॉझॅल्जिया’, म्हणजे दाहक वेदना, असे नाव दिले. त्यांनी मॉर्फिया दिला, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवविल्या. पण त्यांच्या कार्यातील मोठी गोष्ट मला ही वाटते, की त्यांनी त्या शिपायांचे खरे मानले.

1900 साली जर्मनीत पाउल झुडेक ह्या शस्त्रवैद्याने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले, की दुखापतीनंतर अशा रीतीने सुजणाऱ्या हाताची हाडेसुद्धा विरळ होत जातात. पुढे ह्या विकाराची नावे पुष्कळ बदलली. 1994 साली जे नाव ठरले त्याचा मराठीत अर्थ ‘स्थानिक वेदनेचा गुंतागुंतीचा लक्षणसमूह’ असा होईल. त्याचे दोन प्रकार मानले गेले. एकात मज्जातंतूची इजा स्पष्ट दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. मनगट मोडल्यावर होणारा विकार बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. इजा दिसत नाही, म्हणूनच रुग्णाचे कोणी खरे मानीत नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले होते.

वेदनेचा इतिहास येथवर आला. आता संत्र्याकडे वळू.

नागपुरी संत्र्याचे कलम भोसल्यांच्या राजवटीत औरंगाबादेकडून आले, अशी परंपरा सांगते. सौंसर-पांढुर्ण्याच्या काळ्या जमिनीत ते चांगले रुजले. जंभेरीच्या रोपावर डोळा भरावयाचा, झाडाला पाण्याचा ताण द्यावयाचा आणि मग आंबिया किंवा मृग बहर धरावयाचा, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ह्या फळाच्या जातभाईंनी वैद्यकाच्या इतिहासात एक मोठे स्थान मिळविले आहे, आणि त्यात योगायोगाने मोडलेल्या हाडाचीही एक गोष्ट आहे.

1740 साली इंग्रज सेनानी अँसन जगप्रदक्षिणेस निघाला. ताजी फळे व भाजीपाला ह्यांच्या अभावी त्याच्या जहाजांवर स्कर्व्हीचा कहर झाला आणि माणसे शेकड्यांनी मेली. ह्या सफरीचा वृत्तान्त 1748 साली प्रसिद्ध झाला. त्यात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकीकत आहे. तो पन्नास वर्षांपूर्वी आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. त्या जखमा केव्हाच्या भरून आल्या होत्या. पण स्कर्व्ही होताच त्या पुन्हा उघडल्या, आणि अर्ध्या शतकापूर्वी जुळलेले त्याचे हाडही सांध्याच्या जागी पुन्हा सुटले. श्रोतेहो, ह्याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. जखम व हाड ज्या चिवट दोऱ्यांनी विणले जाते ते कोलॅजेन नावाचे प्रथिन आहे, आणि ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय त्याची वीण पक्की होत नाही. शरीरात ह्या दोऱ्यांची डागडुजी आयुष्यभर चालू असते. पुरवठा थांबला की जुनी गाठसुद्धा सुटू लागते.

ह्यावर उतारा कोणता, हे 1747 साली जेम्स लिंड ह्या जहाजावरील डॉक्टराने तपासले. स्कर्व्हीचे बारा रोगी निवडून त्याने त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या दोघांना दररोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, त्यांना सहा दिवसांतच लक्षणीय गुण आला. एवढे होऊनही लिंबाचा रस इंग्रजी आरमारात सर्रास मिळू लागला तो 1795 पासून. त्या रसातील गुणकारी द्रव्य हाती लागण्यास आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने 1928 साली एक द्रव्य वेगळे केले, 1932 च्या सुमारास तेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले, आणि 1937 साली त्याला नोबेल पारितोषिक लाभले.

ह्या द्रव्याचा आणखी एक गुण आहे. शरीरात प्राणवायूच्या ज्वलनातून काही अस्थिर कण निर्माण होतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलक म्हणतात. जखम झाली, सूज आली, की ते वाढतात आणि शेजारच्या पेशींना व मज्जातंतूंच्या वेष्टनाला जाळू लागतात. चुलीतून ठिणगी उडून अंगावरच्या पदराला भोक पडावे, तसाच हा प्रकार. ‘क’ व ‘ई’ ही जीवनसत्त्वे अशा ठिणग्या स्वतःवर झेलून विझवितात. म्हणून त्यांना ऑक्सिडीकरणविरोधी जीवनसत्त्वे म्हणतात. औषधांच्या दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ज्या कॅप्सुली मिळतात त्या ह्याच कल्पनेवर उभ्या आहेत. मोडलेल्या हाताची आग जर ह्या ठिणग्यांतून पेटत असेल, तर ‘क’ जीवनसत्त्वाने ती टाळता येणार नाही काय? प्रश्न अगदी सरळ होता. तो करून पाहिला हॉलंडातील शस्त्रवैद्यांनी.

पॉल झोलिंगर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मनगट मोडलेले 123 प्रौढ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला पन्नास दिवस रोज 500 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले, तर दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण निर्गुण कॅप्सुली. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. 1999 साली निकाल प्रसिद्ध झाला. निर्गुण कॅप्सुली घेणाऱ्यांत शेकडा 22 मनगटांना तो दाहक विकार जडला, जीवनसत्त्व घेणाऱ्यांत शेकडा 7 ला. पुढे 2007 साली ह्याच मंडळींनी 416 रुग्णांवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातही शेकडा 10 विरुद्ध शेकडा अडीचहून थोडे कमी असे अंतर आढळले. स्वस्त, सर्वत्र मिळणारे व जवळजवळ निरुपद्रवी औषध, आणि त्याचा असा परिणाम! साहजिकच त्याची शिफारस होऊ लागली.

परंतु 2014 साली एडिंबरोच्या शस्त्रवैद्यांनी 336 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मात्रा तीच, दिवसही तेवढेच. वर्षाअखेर पाहिले तर दोन्ही गटांत काही फरक नव्हता. वेदनेतही नव्हता आणि हाताच्या कामातही नव्हता. एका ठिकाणी उजाडावे आणि दुसऱ्या ठिकाणी अंधारच राहावा, असे का झाले? हा विकार कोणाला म्हणावयाचे ह्याची कसोटी दोन्हीकडे सारखी नव्हती, हे एक कारण सांगितले जाते. मला त्यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती दुसरी एक गोष्ट, आणि औषधांच्या दुकानात ती हटकून विसरली जाते. हॉलंडातील यशसुद्धा प्रतिबंधाचे होते, उपचाराचे नव्हे. हाड मोडल्या दिवसापासून कॅप्सुली दिल्या तर आग कमी जणांना लागली, एवढेच त्या प्रयोगांचे म्हणणे होते. एकदा पेटलेला हात ‘क’ जीवनसत्त्वाने विझतो, असे त्यांनी म्हटलेलेच नाही.

ही गल्लत केवळ मोडलेल्या मनगटापुरती नाही. आपल्याकडे ‘पायांची आग’ ही तक्रार घरोघर ऐकू येते, आणि तिच्यासाठी रंगीबेरंगी कॅप्सुली घेणाऱ्यांची संख्या हात मोडलेल्यांच्या कितीतरी पट आहे. ह्या तक्रारीला हिंदुस्थानात जुना इतिहास आहे. 1826 साली कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळाच्या ग्रंथात ग्रियर्सन नावाच्या डॉक्टराने एतद्देशीयांच्या तळपायांच्या आगीवर निबंध लिहिला. त्यानंतर एकशेवीस वर्षांनी, 1946 साली, पुढे आहारशास्त्रात नामांकित झालेले डॉ. सी. गोपालन ह्यांनी अशा रुग्णांना पॅंटोथेनिक आम्ल हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत अर्धपोटी राहिलेल्या सैनिकांनाही ह्याच आगीने रात्र रात्र जागविले होते. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की हे सारे उपाशी किंवा निकृष्ट अन्नावर राहिलेले लोक होते. त्यांच्या शरीरात उणीव होती, ती भरून काढली आणि आग शमली.

आज पांढुर्ण्यात काय किंवा नागपुरात काय, पायांची आग होणाऱ्या पुष्कळांना मधुमेह असतो. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे त्याच ठिणग्या निर्माण होतात आणि मज्जातंतूंची बारीक टोके जळतात, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून येथेही ठिणग्या विझविणारी द्रव्ये देऊन पाहण्यात आली. त्यांत अधिक गाजले लिपोइक आम्ल. ते जीवनसत्त्व नव्हे, शरीर ते स्वतःच बनविते. पण गुण तोच. लेस्टर रीड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1951 साली ते शुद्ध रूपात मिळविले तेव्हा सुमारे दहा टन यकृताच्या गाळातून कसेबसे 30 मिलिग्रॅम हाती आले होते. जर्मनीत ते शिरेतून देण्याचा प्रयोग झाला, आणि तीन आठवड्यांत आग कमी झाल्याचे 1995 साली जाहीर झाले. परंतु गोळ्यांच्या रूपाने चार वर्षे दिलेल्या औषधाचा निकाल 2011 साली लागला, तेव्हा ज्या मुख्य कसोटीवर पारख ठरली होती तीवर ते उतरले नाही. ‘ई’ जीवनसत्त्वाची कहाणी ह्याहून निराळी नाही. कर्करोगाच्या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. ती ‘ई’ ने टळते असे 2003 साली इटलीतील एका लहानशा प्रयोगात दिसले. 2011 साली अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर पाहिले तेव्हा काहीच फरक आढळला नाही.

प्रयोग जसजसा मोठा होतो, तसतशी आशा लहान होते. निदान ह्या औषधांच्या बाबतीत तसे वारंवार घडले आहे. ज्याच्या शरीरात जीवनसत्त्वाची खरोखर उणीव आहे, त्याच्यासाठी ते अमृत आहे. काही दुर्मीळ विकारांत ‘ई’ शरीरात शोषलेच जात नाही आणि मज्जातंतू झिजू लागतात. तेथे तेच औषध. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ‘ब-12’ ची उणीव पुष्कळदा आढळते आणि तीही मुंग्या व आग निर्माण करते. रक्त तपासून ती भरून काढता येते. पण ज्याच्या घागरीत पाणी काठोकाठ आहे त्याने वरून ओतले, तर ते बाहेरच सांडणार. कधी कधी नुसते सांडून भागतही नाही. ‘ब-6’ महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांचे मज्जातंतू त्यामुळेच बिघडल्याचे 1983 साली अमेरिकेत उघडकीस आले. ज्या गोळीत मज्जातंतूंचे औषध म्हणून हे जीवनसत्त्व घातलेले असते, तीच अति झाली तर मज्जातंतूंचे विष ठरते. अमेरिकेत सुमारे 35 हजार पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ‘ई’ च्या रोजच्या मोठ्या मात्रेने पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे 2011 साली दिसले. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीही मोजूनच घ्याव्या लागतात.

मग मोडलेल्या हाताच्या माणसाने करावे तरी काय? प्लास्टर असतानाच बोटे व खांदा हलवीत राहावे. प्लास्टर घट्ट होत आहे, बोटे निळसर होत आहेत असे वाटले तर त्याच दिवशी परत जावे. प्लास्टर निघाल्यावर आग, सूज, स्पर्श न सोसणे ही लक्षणे दिसली तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. कारण ह्या विकारात लवकर सुरू केलेला व्यायामोपचार आणि योग्य वेदनाशामके ह्यांचा उपयोग उशिरा केलेल्या उपचारापेक्षा अधिक होतो. ‘क’ जीवनसत्त्व डॉक्टरांनी पन्नास दिवसांसाठी लिहून दिले तर घ्यावे. त्यात खर्च थोडा व धोका थोडा. फक्त ज्यांना मूतखड्याची खोड आहे त्यांनी ते आधी सांगावे. मात्र ज्यांनी ते लिहून दिले नाही त्यांनी दुर्लक्ष केले, असेही समजू नये.

हे सर्व ऐकून सौंसरचा एखादा बागाईतदार मला विचारील, की गुरुजी, कॅप्सुली कशाला, आमची संत्री काय वाईट? हिशेब करू. शंभर ग्रॅम फोडींतून 25 ते 50 मिलिग्रॅम ‘क’ मिळते. तेव्हा हॉलंडातील प्रयोगाची मात्रा गाठावयाची तर रोज डझन-दीड डझन संत्री सोलावी लागतील, आणि एका हाताला प्लास्टर असताना ती सोलणार कोण, हा प्रश्न उरतोच. पेरूत आणि आवळ्यात ह्याहून पुष्कळ अधिक असते, हे संत्र्याच्या गावात उभे राहून सांगावयास जरा संकोच वाटतो. पण हाड जुळण्यासाठी आणि स्कर्व्ही दूर ठेवण्यासाठी दीड डझन नको, रोजचे एकदोन फळ पुरते. लिंडच्या रोग्यांनाही दोन संत्री आणि एक लिंबू पुरले होते.

माझे सहकारी पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात पाहिला, विकाराचे नाव सांगितले आणि असे आणखी रुग्ण आपण पाहिल्याचे सांगितले. उपचाराला पाचसहा महिने लागले. बोटे पूर्ण वळली नाहीत, परंतु खडू धरता येऊ लागला. नाव ऐकले त्या रात्री आपण प्रथमच बादलीशिवाय झोपलो, असे ते सांगत. त्याचा वैद्यकीय अर्थ मी लावीत नाही; त्यांनी सांगितले तसे मी आपणांस सांगितले.

पोळा श्रावणी अमावस्येला येतो. करीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात ज्याचे मनगट मोडते, त्याचे प्लास्टर नवरात्राच्या आगेमागे निघते. त्याची आग लागावयाची असेल तर तेव्हाच्या आठवड्यांत लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला पुन्हा दवाखान्याची पायरी चढण्याची गरज असते. त्याचे पन्नास दिवस पुरे होतात तेव्हा पांढुर्ण्याच्या बाजारात आंबिया बहराची पहिली संत्री उतरू लागलेली असतात.